घरबसल्या एलएलबी करून वकिलीची सनद मिळते का? फी भरण्याआधी विदर्भातल्या मुलामुलींनी काय तपासावं

बीएचे निकाल लागले की आमच्या तालुका कोर्टाच्या आवारात पोरंपोरी येतात, कधी त्यांचे वडील येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "साहेब, एलएलबी ऑनलाइन होते म्हणतात. इथूनच करता येईल का?" मागची अडचण खरी असते. लॉ कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी, घरी वावराचं काम, खोली भाड्याला पैसे नाहीत आणि मोबाइलवर जाहिरात सांगते की घरी बसून वकील व्हा.

उत्तर आधीच देतो. ऑनलाइन, पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने केलेल्या एलएलबीवर भारतात वकिलीची सनद मिळत नाही. सनद म्हणजे वकील म्हणून अधिकृत नोंदणी. सनद नाही म्हणजे ऑल इंडिया बार परीक्षा, म्हणजे वकिलांना पास व्हावी लागणारी देशपातळीवरची परीक्षाही नाही, आणि कोर्टात उभं राहणंही नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम २४ नुसार सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, मान्य केलेली कायद्याची पदवी लागते. बार कौन्सिलचे २००८ चे कायदा शिक्षणाचे नियम वर्गात बसून, हजेरी लावून केलेली पदवीच मान्य करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवता येणार नाहीत अशा अभ्यासक्रमांच्या यादीत कायदा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी दार बंद आहे.

मग एवढा गोंधळ का होतो? कोरोनात, २०२० आणि २०२१ मध्ये, लॉ कॉलेजांचे वर्ग मोबाइलवर भरले. त्या वर्षीच्या मुलांना सनदा मिळाल्या. ती आणीबाणीची सोय होती, पण लोकांच्या डोक्यात "एलएलबी ऑनलाइन झाली" एवढंच राहिलं. शिवाय बीए, बीकॉम, एमबीए हे कोर्स आज आयोगाच्या मान्यतेने ऑनलाइन होतात आणि ती पदवी रीतसर असते. जाहिरात करणारे त्याच ओळीत कायद्याचं नाव घुसवतात. काही जण 'डिप्लोमा इन लॉ', 'जनरल लॉ', 'अॅकॅडमिक लॉ' अशी नावं देतात. हे कोर्स ज्ञानापुरते ठीक असतील, पण त्यावर काळा कोट चढत नाही.

म्हणून प्रत्येकाला मी एकच सांगतो: सनदेपासून उलटं मोजत मागे या. कायम प्रॅक्टिस करायची तर बार परीक्षा लागते, बार परीक्षेसाठी सनद किंवा एलएलबीचं शेवटचं सत्र, सनदेसाठी मान्य कॉलेजची नियमित एलएलबी, एलएलबीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी, सीईटीसाठी योग्य क्रमाने झालेली दहावी, बारावी आणि पदवी. यातली एक कडी तुटली तरी तीन वर्षं आणि पैसा जातो. ही तपासणी प्रवेशाच्या आधी करायची. बहुतेक जण सनदेचा फॉर्म भरताना करतात, तेव्हा हातात काही राहत नाही.

पायरी पहिली: स्वतःची जुनी कागदपत्रं बघा

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, आणि त्यांना ते सर्वात शेवटी कळतं.

तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीला ४२, एससी आणि एसटीला ४० टक्के लागतात. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत हीच टक्केवारी. ४४.८ चे ४५ धरतील असं गृहीत धरून फॉर्म भरू नका.

आता महत्त्वाचा भाग. पदवी बाहेरून किंवा मुक्त विद्यापीठातून झालेली असली तर चालते का? चालते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की बारावी किंवा पहिली पदवी दूरशिक्षणाने, पत्राद्वारे केलेली असेल तरी कायद्याच्या कोर्सला प्रवेश मिळतो. म्हणजे दहावी, मग बारावी, मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलेली मुलगी एलएलबीला पात्र आहे. ज्या घरात लग्न, बाळंतपण, शेती सांभाळत बाईने बीए केलं, तिथे हा नियम फार मोलाचा आहे. तिला कोणी "तुझं बीए बाहेरून आहे, जमणार नाही" असं सांगितलं तर ते चूक आहे.

पण त्याच नियमाखाली एक स्पष्टीकरण आहे आणि ते अर्ध्या लोकांनी वाचलेलं नसतं. मूळ पात्रता नसताना, म्हणजे खालची पायरी न चढता, मुक्त विद्यापीठातून थेट बारावी किंवा पदवी मिळवली असेल तर तो उमेदवार अपात्र. आपल्याकडे दहावी-बारावी सुटलेल्या अनेकांनी वयाच्या अटीवर पूर्वतयारीचा कोर्स केला आणि थेट बीए केलं. ती पदवी खोटी नाही, पण एलएलबीसाठी ती पुरत नाही.

एक तरुण आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका घेऊन आला होता. बीएच्या तिन्ही वर्षांच्या, चांगल्या टक्क्यांच्या. बारावीची कुठे आहे विचारलं तर त्याने पूर्वतयारीचं प्रमाणपत्र पुढे केलं. एका एजंटने त्याला "बीए आहे ना, झालं" एवढंच सांगून अॅडव्हान्स घेतला होता. त्याच्या बोटाला अजून कापूस वेचताना लागलेल्या बोंडांचे ओरखडे होते, आणि अॅडव्हान्स त्या कापसाच्या पैशातूनच गेला होता.

अशा वेळी रस्ता बंद होत नाही, फक्त लांब होतो. दहावी पास असाल तर १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची बारावी बाहेरून द्या, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करा. आवश्यक टक्के मिळाले की पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते. वयाची काळजी करू नका. बार कौन्सिलने वयाची मर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. तिशी-चाळिशीतली माणसं आज वर्गात बसतात.

तपासायची पद्धत साधी आहे. एका कागदावर तीन ओळी लिहा: दहावी, बारावी, पदवी, आणि प्रत्येकासमोर वर्ष, मंडळ किंवा विद्यापीठ, टक्के. वर्षांचा क्रम चढता आहे का ते बघा. मग सगळीकडे नाव एकसारखं आहे का ते बघा. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव वेगळं, आधारवर आडनाव वेगळं आणि लग्नानंतर तिसरंच, असं घरोघरी आहे. नावातला फरक राजपत्रातल्या नोंदीने किंवा प्रतिज्ञापत्राने आत्ताच दुरुस्त करा.

पायरी दुसरी: तीन वर्षांचा की पाच वर्षांचा

हातात पदवी असेल तर तीन वर्षांचा. बारावी नुकतीच झाली असेल आणि वकिलीच करायची हे ठरलेलं असेल तर पाच वर्षांचा, कारण बीए तीन आणि एलएलबी तीन असं सहा करण्यापेक्षा एक वर्ष वाचतं. ठरलेलं नसेल तर आधी साधी पदवी करा, मग बघा. नागपूरजवळच्या वारंगा इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर राज्याची सीईटी नाही, क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिथली फी शेतकरी घराला सहज झेपणारी नाही हे आधी बघून ठेवा.

पायरी तिसरी: कॉलेज तपासा, एजंटचं तोंड बघू नका

ऑनलाइन एलएलबीपेक्षा आपल्या भागात जास्त चालतो तो प्रकार वेगळा आहे. बाहेरच्या राज्यातलं कॉलेज, प्रवेश एजंटमार्फत, "हजेरीची काळजी नको, फक्त परीक्षेला या". कागदावर ती पदवी नियमित दिसते. म्हणूनच ती जास्त धोक्याची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये वकिलांच्या पदव्यांच्या पडताळणीसाठी उच्चाधिकार समिती नेमली आणि विद्यापीठांनी ही पडताळणी फी न घेता करून द्यावी असं सांगितलं. म्हणजे तुमची गुणपत्रिका विद्यापीठाकडे परत जाते आणि तिथे नोंद सापडली नाही तर सनद अडते, मिळालेली असली तरी ती जाते. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाचंही नाव यादीतून निघू शकतं.

कॉलेज बघताना दोन मान्यता वेगवेगळ्या असतात हे लक्षात ठेवा. एक विद्यापीठाची संलग्नता, दुसरी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. संलग्नता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते. पण ती असली म्हणजे बार कौन्सिलची मान्यता आपोआप असते असं नाही.

बार कौन्सिलची मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि पुन्हा वाढवून घ्यावी लागते. म्हणून कॉलेजच्या ऑफिसात जाऊन असं विचारा: "माझ्या प्रवेशाच्या वर्षासाठी बार कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र दाखवा." जुन्या वर्षाचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, ते पुरत नाही. सोबत बार कौन्सिलच्या संकेतस्थळावरची मान्य कॉलेजांची यादी उघडून त्यात कॉलेजचं नाव, गाव, आणि कोर्स तीन वर्षांचा की पाच हे जुळवा. एखाद्या कॉलेजला एकाच कोर्सची मान्यता असते. आणि कोणी "नवीन कॉलेज निघालंय, पहिल्या बॅचला फी कमी" म्हणत असेल तर थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवीन लॉ कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घातली आहे.

विदर्भात जुनी, नावाजलेली कॉलेजं आहेत: नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय, यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय, चंद्रपूरला शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय. मान्यतेचं पत्र तिथेही मागा. मागण्यात कमीपणा नाही, आणि चांगलं कॉलेज ते दाखवायला कुरकुर करत नाही.

पायरी चौथी: हजेरीचा प्रश्न

खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नियमानुसार सत्र किमान पंधरा आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तास, त्यातले २४ तास व्याख्यानांचे. वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या दरम्यानच भरवायचे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. अपवादात्मक कारण असेल तर ६५ पर्यंत सवलत मिळू शकते, पण सगळ्या विषयांची मिळून ७० भरली पाहिजे. त्याशिवाय इंटर्नशिप: तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात बार कौन्सिलने कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही लावायला सांगितलं, आणि विद्यार्थ्याकडून तीन गोष्टींचं लेखी निवेदन मागितलं: अंगावर गुन्हा नोंद आहे का, सोबत दुसरी नियमित पदवी चालू आहे का, आणि नोकरी चालू आहे का.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापासून अडवू नये असा निकाल दिला. एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येच्या प्रकरणातून तो आला, आणि मुलांवरचा ताण कमी व्हावा हा त्याचा हेतू आहे. कॉलेजला न जाता पदवी घेण्याची ती परवानगी नाही. एजंट तसं सांगू लागले तर विश्वास ठेवू नका.

धारणीहून अमरावती किंवा एटापल्लीहून चंद्रपूर रोज जाणंयेणं होत नाही. तिथल्या मुलांनी राहण्याची सोय आधी आणि प्रवेश नंतर असा विचार करावा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांचे अर्ज वेगळे आणि लवकर सुरू होतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आणि आदिवासी मुलांना पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना आहे. राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा आरक्षण गटातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून कॅप राउंडने, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. लॉ कॉलेजच्या ऑफिसात हे स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

ज्यांचं गाव जवळ आहे त्यांनी एसटीचा विद्यार्थी पास काढावा. भाड्यात ६६.६७ टक्के सवलत असते. कॉलेजचे वर्ग सकाळी असतील तर दुपारची गाडी धरून संध्याकाळी वावरात जाणारी मुलं मी बघितली आहेत. प्रवेशाआधी वेळापत्रक विचारा आणि आपल्या गावच्या एसटीच्या वेळेशी ते जुळवून बघा. साधी गोष्ट आहे, पण तीन वर्षांची हजेरी त्यावर उभी असते.

नोकरदारांना वेगळं सांगतो. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले, पोलीस यांच्यात एलएलबीची हौस मोठी आहे. एकाच दिवशी सकाळी अकराला शाळेच्या हजेरीपटावर सही आणि त्याच वेळी लॉ कॉलेजच्या रजिस्टरवरही सही, हे दोन कागद कधीतरी एकमेकांसमोर येतात. खात्याची लेखी परवानगी घ्या, वर्गाच्या वेळा ड्युटीच्या बाहेर आहेत का ते बघा, आणि निवेदनात नोकरी लपवू नका. वेळ जुळत नसेल तर रजा किंवा निवृत्तीनंतर शिका. वयाची अडचण नाही हे वर सांगितलंच आहे.

पायरी पाचवी: सीईटी आणि कॅप

महाराष्ट्रात दोन्ही कोर्सना राज्य सीईटी सेलची प्रवेश परीक्षा लागते. ती संगणकावर, बहुपर्यायी, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. कायद्याचं प्राथमिक ज्ञान, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे भाग असतात. इंग्रजीत आपली मुलं मार खातात, म्हणून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचा.

परीक्षेपेक्षा कागदांनी प्रवेश हुकतो. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला ही सगळी कामं फॉर्म भरतानाच सुरू करा. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. कॅप राउंडची तारीख तुमच्या फाइलसाठी थांबत नाही. फॉर्म सेतू केंद्रातून भरत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि राउंड निघून जातो.

पायरी सहावी: सनद

एलएलबीचा निकाल लागला की अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायचा. वय २१ पूर्ण, भारतीय नागरिकत्व आणि मान्य पदवी या मूळ अटी. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, सोडल्याचा दाखला, चारित्र्याची प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्रं, फोटो. पदवीनंतर मध्ये वर्षं गेली असतील तर त्या काळात काय केलं ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं.

फीबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं की नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, एससी आणि एसटीला १२५ रुपये, आणि त्यावर फक्त स्टॅम्प ड्युटी. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते आणि गरीब घरातली मुलं पदवी घेऊनही सनदेविना राहत होती. आता कोणी मध्यस्थ "सनद काढून देतो, वीस हजार लागतील" म्हणाला तर त्याला वाटेला लावा.

गावाकडच्या मुलांवर धुऱ्याच्या भांडणातले, निवडणुकीतल्या हाणामारीतले गुन्हे नोंद असतात. ते फॉर्ममध्ये लिहा. नुसता गुन्हा दाखल असणं वेगळं आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होणं वेगळं. कलम २४-अ नुसार सनद अडते ती अशा शिक्षेने, आणि तीही सुटकेनंतर दोन वर्षं झाली की अडत नाही. लपवलेला गुन्हा मात्र नंतर उघड होतो आणि लपवल्याबद्दल सनद धोक्यात येते.

सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि स्वतः बसून धंदाही चालवता येत नाही. तुमच्या नावावर कृषी केंद्र असेल आणि काउंटरवर तुम्हीच बसत असाल तर त्याची व्यवस्था आधी लावा.

पायरी सातवी: ऑल इंडिया बार परीक्षा

सनद मिळाली की दोन वर्षं प्रॅक्टिस करता येते. त्या मुदतीत ही परीक्षा पास व्हावीच लागते. २०११ पासून ती होते. तिला आव्हान दिलं गेलं होतं, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही बसू देण्याचा आदेश दिला, आणि डिसेंबर २०२४ ची १९ वी परीक्षा अशा मुलांनी दिली.

१०० प्रश्न, साडेतीन तास, चुकीला दंड नाही. खुल्या प्रवर्गाला आणि ओबीसीला ४५ गुण, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४०. २०२५ च्या परीक्षेची फी ३,५०० आणि एससी-एसटीला २,५०० रुपये होती. नागपूरला केंद्र असतं. नापास झालात तर कितीही वेळा देता येते.

टिपणं नसलेला मूळ कायदा, म्हणजे बेअर अॅक्ट, सोबत नेता येतो. म्हणून परीक्षा सोपी समजून मुलं पुस्तकांचं गाठोडं घेऊन जातात आणि पानं उलटण्यात वेळ घालवतात. एका प्रश्नाला दोन मिनिटं सहा सेकंद येतात. पुस्तक तेव्हाच कामाचं जेव्हा कलम कोणत्या प्रकरणात आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

गुण कुठे आहेत ते बघून तयारी करा. संविधान १०, नागरिक सुरक्षा संहिता (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १०, दिवाणी प्रक्रिया संहिता १०, न्याय संहिता (जुना आयपीसी) ८, पुरावा कायदा ८, कौटुंबिक कायदे ८, करार, मालमत्ता हस्तांतरण आणि चेक बाउन्सचा कायदा मिळून ८. एवढ्यानेच ६२ होतात. त्यात व्यावसायिक नीतीचे ४, लवादाचे ४ आणि मोटार अपघात-ग्राहक-टॉर्टचे (नुकसानभरपाईच्या दाव्यांचा कायदा) ५ घातले तर पंचाहत्तरवर. कंपनी कायदा, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा यांना दोन-दोनच आहेत, त्यात रात्री जागवू नका. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे नवे आहेत, जुन्या पुस्तकातला ३०२ आणि ४२० पाठ करून जाऊ नका.

भाषा मराठी निवडता येते. निवड एलएलबी कोणत्या भाषेत वाचली त्यावर करा. वर्गात सगळं इंग्रजीत वाचलं असेल तर 'दखलपात्र', 'अंतर्निहित अधिकार', 'प्रतिवादी' हे शब्द ऐन वेळी अडवतात. मराठीतून शिकला असाल तर मराठीच घ्या, आणि बेअर अॅक्टही मराठीच न्या.

परदेशी ऑनलाइन कॉलेजं

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य ऑनलाइन लॉ स्कूलच्या पदवीधरांना आपल्या बार परीक्षेला बसू देतं, पण मान्यता नसलेल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षानंतर वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. काही नियमित, मान्यताप्राप्त कॉलेजंही आता पूर्ण ऑनलाइन पदवी देतात. हे त्यांच्या राज्यांचे नियम. तिथली ऑनलाइन पदवी घेऊन यवतमाळच्या कोर्टात वकीलपत्र दाखल करता येत नाही. परदेशातून केलेली पदवी बार कौन्सिलने मान्य केलेल्या विद्यापीठाची, तिथे जाऊन नियमित शिकलेली असेल, तरच इथे वेगळी पात्रता परीक्षा देऊन पुढे जाता येतं. ऑनलाइन एलएलएमबद्दलही बार कौन्सिलने जून २०२५ मध्ये कडक इशारा दिला आहे, प्राध्यापक व्हायचं असेल तर तो मार्ग धरू नका.

मोबाइलचा खरा उपयोग

कॉलेज नियमित ठेवून बाकी सगळं ऑनलाइन करा. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक केंद्रीय कायदा फुकट आहे. ई-कोर्ट्सवर आपल्याच तालुक्याच्या कोर्टातल्या केसेसचे आदेश वाचता येतात, आणि त्यातून भाषा कळते. घटनापीठाची सुनावणी घरी बसून बघता येते. ज्यांना वकील व्हायचं नाही पण गावात लोकांच्या कामी यायचं आहे, त्यांनी तालुका विधी सेवा समितीत पॅरालीगल स्वयंसेवकासाठी अर्ज करावा. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो, आणि तिथे तो चालतो कारण तो सनदेसाठी नाहीच. फेरफार, पांदण रस्ता, वनहक्क दावे, झुडपी जंगलाच्या जमिनी यांत अडकलेल्या माणसाला अर्ज लिहून देणारं कोणी तरी गावात असणं फार गरजेचं आहे.

न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली आता लागते, आणि ती तात्पुरत्या नोंदणीच्या, म्हणजे बार परीक्षेआधी मिळणाऱ्या सनदेच्या तारखेपासून मोजतात. म्हणून निकाल लागल्यावर सनदेला उशीर करू नका.

आधीच पैसे भरले असतील तर

पावत्या, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. "सनद मिळेल" असं लेखी किंवा आवाजात कुठे म्हटलं आहे ते शोधा. मग स्पीड पोस्टने पैसे परत मागणारं पत्र पाठवा. उत्तर आलं नाही तर पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार करा, न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. वकील करण्याचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना तर उत्पन्नाची अटही नाही.

त्या कोर्समध्ये काढलेली वर्षं दुसऱ्या कॉलेजात धरून घेतील ही आशा ठेवू नका. बार कौन्सिलच्या नियमात मधल्या वर्षाला थेट प्रवेशाला मनाई आहे, पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. तुमची दहावी, बारावी आणि बीए मात्र तशीच्या तशी कामाची आहे. सीईटीचा पुढचा फॉर्म सुटला की पहिल्या आठवड्यातच भरा, आणि जात वैधतेचा अर्ज त्याची वाट न बघता उद्याच टाका.